केरी कोणती, हे संगणकाला कोण सांगणार?

संपादक महोदय,

सरकारी राजपत्रे (गॅझेट) आता घरबसल्या शोधता येतात, त्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत, अशी बातमी काल तिसऱ्या पानावर वाचली. ज्याने ती लिहिली त्याने एखादी जुनी अधिसूचना स्वतः शोधून पाहिली असती तर बातमी वेगळी झाली असती. मी अडीच महिने तेच करतो आहे, म्हणून हे पत्र.

आमचे गाव गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले केरी. अंजुणे धरणाच्या कालव्यात आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, खालच्या अंगाची एक पट्टी गेली. गेली ती पट्टीच. पण एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर तो सगळा सर्व्हे नंबर सरकारच्या नावावर चढला आहे. वडील होते तोवर हे कोणाच्या लक्षात आले नाही. पोफळी आमच्याच होत्या, शिंपणे आम्हीच करत होतो, सुपारी आम्हीच विकत होतो. आता भावाभावांत वाटण्या करायच्या म्हणून उतारा काढला, तेव्हा हे कळले. दुरुस्तीचा अर्ज घेऊन ज्या कचेरीत गेलो तिथल्या कारकुनाने सांगितले, "संपादनाची अधिसूचना आणा. तीत क्षेत्रफळ असते. ऑनलाइन सगळे आहे, शोधा." वर मानही केली नाही त्याने.

वडिलांच्या ट्रंकेत नुकसानभरपाईच्या कागदांबरोबर एक चिठ्ठी होती. त्यांच्याच अक्षरात: राजपत्र, मालिका दोन, अंक ४४, १९८४. एवढे हाताशी असताना पाच मिनिटांचे काम, असे मला वाटले. नातीला शेजारी बसवले आणि राजपत्रे शोधायचे ते सरकारी संकेतस्थळ उघडले. १९८४ ची यादी काढली, ४४ क्रमांकाचा अंक उघडला. त्यात बदल्या, नेमणुका, कुठल्या कुठल्या समित्या. केरी नाही, कालवा नाही. पुढचे-मागचे चार अंक पाहिले. मग शोधाच्या चौकटीत गावाचे नाव घातले. देवनागरीत 'केरी' लिहिले तर शून्य नोंदी. इंग्रजीत 'के'ने लिहिले तर दोन-तीन अलीकडच्या नोंदी. मग आठवण झाली की पोर्तुगीज वळणाने आमचे गाव 'क्यू'ने लिहितात आणि शेवटी 'एम' येतो. तसे लिहिल्यावर मात्र पानेच्या पाने आली. पण ती कोणत्या केरीची? केरी पेडण्यात आहे, तेरेखोलच्या तोंडाशी. केरी फोंड्यात आहे. आणि आमची सत्तरीत. तिन्ही गावे संगणकाला एकच. एकेक कागद उघडून तालुका पाहत बसायचे. नातीने दोन रविवार त्यात घातले. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, हे जुने कागद म्हणजे नुसते फोटो आहेत. आतले अक्षर संगणकाला वाचता येत नाही." म्हणजे नोंदी आल्या त्या कोणीतरी हाताने टंकलेल्या मथळ्यांवरून. आत तक्त्यात काय आहे, सर्व्हे नंबर कोणता, माणूस कोण, यातले काहीच शोधात येत नाही.

भूसंपादनाच्या अधिसूचनेत सगळा जीव त्या तक्त्यातच असतो. तालुका, गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग, हितसंबंधी म्हणून ज्यांना धरले त्यांची नावे, अंदाजे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, खाली चतुःसीमा. वर मथळ्यात नुसते 'कालव्याच्या बांधकामासाठी जमीन' एवढे असते. मथळ्यावरून कोणाला आपली जमीन सापडणार?

शेवटी साखळीहून कदंबची बस धरून पणजीला गेलो, पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात. हे ग्रंथालय १८३२ सालचे. तिथे एका बाईंना चिठ्ठी दाखवली. त्यांनी क्षणभर पाहिली आणि म्हणाल्या, "सर, गॅझेटाचें वर्स एप्रिलांत सुरू जाता." बस्स. अंकांचे क्रमांक जानेवारीत नव्हे, एप्रिलमध्ये नव्याने सुरू होतात. राजपत्र दर गुरुवारचे, म्हणजे ४४ वा अंक जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येणार. वडिलांनी १९८४ लिहिले ते फेब्रुवारी १९८४, आणि तो अंक १९८३-८४ च्या खंडात. मी उघडला होता तो १९८४-८५ चा, म्हणजे एक वर्ष पुढचा. बाईंनी खंड काढून दिला आणि वीस मिनिटांत पान सापडले. आमचा सर्व्हे नंबर, आणि वडिलांचे नाव. आडनाव गावकर, पण मधला 'क' 'सी'ने लिहिलेला. तो मी संगणकावर सात जन्म टाइप केला नसता. क्षेत्रफळ ३२५ चौरस मीटर. पूर्ण सर्व्हे नंबर २,४०० चा आहे. त्या पानावर बोट ठेवून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

मला राग येतो तो याचा की त्या बाईंना जे तोंडपाठ आहे ते संकेतस्थळावर एका ओळीत लिहायला काय लागते? 'अंकांचे वर्ष एप्रिल ते मार्च'. तीन मालिका आहेत, कोणत्या मालिकेत काय येते, तेही लिहा: पहिलीत कायदे आणि नियम, दुसरीत आदेश, नेमणुका आणि भूसंपादन, तिसरीत नोटिसा आणि जाहिराती. शाळेत पहिलीच्या मुलालासुद्धा पुस्तक देताना आपण अनुक्रमणिका कुठे आहे ते दाखवतो. छत्तीस वर्षे मी तेच केले.

कोणी म्हणेल, एका माणसाचे एक कुळागर, त्याचे एवढे काय? पण कायदा असे धरून चालतो की राजपत्रात आले म्हणजे सगळ्यांना कळले. मुदती तिथूनच मोजतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घ्यायला ६० दिवस. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली झोन बदलायचा प्रस्ताव आला तर हरकती-सूचनांना ३० दिवस. आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या आठव्या कलमाने इलेक्ट्रॉनिक राजपत्रात प्रसिद्ध झाले तरी ते प्रसिद्ध झालेच. केंद्राने तर ऑक्टोबर २०१५ पासून आपले राजपत्र कागदावर छापणेच थांबवले. ठीक आहे, कागद वाचवा. पण १९५१ साली हरला नावाच्या माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, कारण जयपूर संस्थानाचा तो अफूचा कायदा कधी प्रसिद्धच झाला नव्हता. लोकांना कळायची सोय नसेल तर तो कायदा लोकांवर लादता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. हे मला आमच्या वकिलांनी सांगितले. जे शोधून सापडत नाही ते प्रसिद्ध झाले असे कसे म्हणायचे, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला संबंधित खात्याकडून हवे आहे.

गोव्यात तर हे काम जास्त काळजीने व्हायला हवे. इथे एकाच गावाची नावे किती तऱ्हांनी लिहिली गेली! डिचोली, साखळी, केपे, कुडचडे, शिवोली, चोडण: कागदावर यांतले एकही आपण उच्चारतो तसे नाही. आडनावांचे तेच. पोर्तुगीज सरकारचे राजपत्र, ज्याला लोक 'बोलेतीं' म्हणत, ते १८३७ पासूनचे. तेव्हापासूनच्या जमिनींचे वाद अजून कोर्टांत चालू आहेत. या सगळ्या स्पेलिंगांची एक यादी करून ती शोधाला जोडली तर 'केरी' लिहिणाऱ्याला 'क्यू'वाली केरीसुद्धा मिळेल, आणि शेजारी तालुका लिहिला तर तिन्ही वेगळ्या होतील. १९१ पंचायती आहेत आपल्याकडे. प्रत्येक पंचायतीत जुनी नावे ठाऊक असलेला एक तरी निवृत्त शिक्षक किंवा तलाठी सापडेल. सत्तरीची यादी मी स्वतः, विनामोबदला, करून द्यायला तयार आहे. हे मी मनापासून लिहितो आहे. कोणी विचारले तर उद्यापासून बसेन. आणि भूसंपादनाच्या अधिसूचनांपुरती तरी तालुका, गाव, सर्व्हे नंबर अशी वेगळी सूची टंकून घ्या. बाकीचे नंतर झाले तरी चालेल.

देवनागरीचेही बोलायला हवे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा मिळाली. मग शोधाच्या चौकटीत देवनागरी अक्षर घातले की शून्य का? नात सांगते की मराठीत टंकलेले बरेच जुने मजकूर युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना एकच अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फॉन्टांत आहेत. पडद्यावर 'क' दिसतो, पण आत संगणकाच्या लेखी ते भलतेच इंग्रजी अक्षर असते. असेल. पण असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, हेही तिनेच सांगितले. ती अकरावीत आहे.

आता थोडे तुमच्याबद्दल, राग मानू नका. भूसंपादनाची अधिसूचना दोन दैनिकांत द्यावी लागते आणि त्यांतले एक तरी स्थानिक भाषेतले लागते. तुमच्याकडे त्या येतात, पैसे घेऊन छापल्या जातात, आणि येतात त्या शेवटून दुसऱ्या पानावर, भिंग घेऊन वाचाव्या लागतील अशा अक्षरांत. गावाचे नाव तरी ठळक का छापत नाही? आमच्या वाड्यावर तुमचा अंक रोज चार घरांत येतो. मे महिन्यात शेजाऱ्याच्या सर्व्हे नंबराची नोटीस तुमच्याच अंकात आली होती. चारही घरांत तो अंक होता. एकानेही ती पाहिली नाही, मीही नाही. त्याला कळले तेव्हा मुदतीचे नऊ दिवस उरले होते. हे पत्र छापाल न छापाल, पण तुमच्या जाहिरात विभागात ते एकदा वाचून दाखवावे, ही विनंती.

आमच्या दुरुस्तीची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. त्या पानाची प्रत जोडली आहे. कालव्याच्या काठच्या आणखी पाच घरांचे सर्व्हे नंबर त्याच तक्त्यात आहेत, त्यांना मी खंड आणि पान लिहून दिले आहे. त्यांतल्या कोणाला साखळीहून कदंब धरायची असेल तर मी सोबत जाईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, केरी, सत्तरी