ढोलकीवाल्या आबांसाठी सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या, तमाशात वाजवणाऱ्या एका ढोलकीवाल्यासाठी हे लिहितो आहे. त्यांचं नाव चारचौघांत छापत नाही. आम्ही त्यांना आबा म्हणतो. अर्धांगवायूनं त्यांचा डावा हात गेला. ढोलकीची धूम डाव्या हाताला असते, मनगटानं दाब देऊन घुमारा काढायचा तो तिथंच. उजव्या बाजूच्या शाईवर बोटं कडाडवणारे वादक पुष्कळ आहेत, पण आबांच्या धुमेसारखी धूम मी दुसऱ्या कुठल्या फडात ऐकली नाही. वाजवताना ते प्रेक्षकांकडे बघतच नसत, नजर नाचणारीच्या पायांवर. तिचं पाऊल किंचित मागं पडलं तर अशी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, घालून तिला समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणत की लोकांना वाटे, हे असंच बसवलेलं असणार. किती जणींची अब्रू या माणसानं राखली असेल!

ज्येष्ठ कलावंतांचं मानधन २०२४ मध्ये महिना ५,००० रुपये झालं, याचं खरंच समाधान वाटलं. पण अर्जाला पुरावे लागतात. तमाशाच्या जाहिरातीवर नाव फडमालकाचं, फार तर नायिकेचं. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, मागं सूर धरणारा झीलकरी यांची नावं छापतो कोण? दसऱ्याला फड बाहेर पडायचा, यात्रांचा हंगाम सरला की घरी. आधी घेतलेली उचल फेडण्यातच कमाई जायची. त्यात कात्रणं आणि प्रशस्तिपत्रं कुठून जपणार? म्हणून विनंती, की फडमालकाचा आणि बरोबरीच्या कलावंतांचा लेखी जबाब हाच पुरावा धरावा. नारायणगावला फडांच्या सुपाऱ्या ठरतात त्या राहुट्यांत चौकशी केली तर कोण किती वर्षं कुणाच्या फडात होता, हे माणसं तोंडी सांगतील.

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर.

आबांचा उजवा हात शाबूत आहे, बोल स्पष्ट येतात. पोरं समोर बसली की गण-गवळणीपासून वगापर्यंतचे ठेके ते तोंडानं सांगतात. त्यांच्या व्यायामोपचारांची सोय तालुक्यालाच व्हावी आणि हे सगळं ध्वनिमुद्रित करायला आपल्या खात्यानं जाणकार माणूस पाठवावा. तो या पावसाळ्याच्या आत यावा, एवढीच कळकळीची विनंती.

आपला,
एक तमाशारसिक