पावसाआधी कळपांच्या तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

पाऊस तोंडावर आलाय आणि मंडळाच्या कपाटात जंतनाशकाच्या दोनच बाटल्या उरल्यात. म्हणून घाईने लिहितो आहे.

आधी ऋण मान्य करतो. आपलं लेंडी तपासणी केंद्र उभं राहिलं ते काकूंच्या मायक्रोस्कोपवर. काका गेल्यावर त्यांनी तो स्वतः आणून टेबलावर ठेवला. आजही येता-जाता त्याच्यावरचं कापड नीट करून जातात. मोजणीच्या काचपट्ट्या मास्तरांनी दिल्या. निवृत्त डॉक्टरसाहेबांनी तर महिनोन्‌महिने आपल्या पोरांना शिकवलं: लेंड्या कुस्करायच्या, मिठाच्या दाट पाण्यात कालवायच्या, गाळायच्या, जंतांची अंडी वर तरंगली की काचपट्टीच्या चौकटीतली मोजायची. आता ही मोजणी पोरं-पोरी एकट्याने करतात. ते पाहून ऊर भरून येतो.

गेल्या वर्षी हीच हाक दिली तेव्हा मोजकीच माणसं आली. 'जंत काय, सगळ्याच जनावरांना असतात' हेही ऐकून घेतलं. पुढे भर पावसात रात्री-अपरात्री फोन आले ते त्याच वाड्यांवरून. एका शेळीची खालची पापणी मी स्वतः ओढून पाहिली, पांढरी फटक. जबड्याखाली पाण्याची सूज लोंबत होती, अंगाशी दोन पिती करडं. सकाळपर्यंत ती राहिली नाही. तिला हगवण नव्हती, म्हणून मालकाला शंकाच आली नाही. हिमोंकस हा रक्तपिता जंत असाच फसवतो. चौथ्या पोटात बसून एकेक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त घालवतो. पाच हजार जंत झाले की रोजचं पाव लिटर गेलं! एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी टाकते आणि ऊब-ओल मिळाली की आठवड्याभरात अळ्या गवतावर चढतात.

अख्ख्या कळपाला दरवेळी तेच औषध अंदाजाने पाजून आपणच जंतांना निगरगट्ट केलंय. यंदा वजन करून, लेंडी तपासून, गरज असेल त्यालाच औषध. १० ते १४ दिवसांनी पुन्हा मोजणी. अंडी ९५ टक्क्यांनी घटली नाहीत तर ते औषध तिथे लागू पडत नाही असं समजायचं. एवढ्या कामाला हात आणि सामान दोन्ही कमी पडतंय.

हवं ते असं: जंतनाशकं (कोणतं ते विचारूनच आणा, सगळी एकाच गटातली नकोत), ताणकाटा, औषध पाजायची पिचकारी, हातमोजे, काचपट्ट्या, रोख दिल्यास पावती मिळेल. येत्या रविवारी सकाळी ७ ते ११, मंडळाची शेड. जनावरं धरायला चार-पाच गडी लागतील. जमिनीवरच्या लेंड्या चालणार नाहीत. थेट जनावराकडून ताज्या घ्या, प्रत्येकाची पिशवी वेगळी, वर बिल्ला नंबर, आणि उन्हात ठेवू नका. नुकत्या गाभण राहिलेल्यांची नावं आधीच सांगा, त्यांना अल्बेंडाझोल हे जंतनाशक देता येत नाही. शेळीला मेंढीच्या मापाने पाजू नका, डोस डॉक्टरसाहेब ठरवतील.

आपला,
सचिव