आमच्या मुलीच्या वर्गशिक्षिका बाईंना आभारपत्र

मालवण, जि. सिंधुदुर्ग

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

येत्या १५ जूनला शाळा सुरू होईल तेव्हा आमची मुलगी पाचवीसाठी हायस्कुलात गेलेली असेल. त्याआधी आपले आभार मानावेत, आणि ते सर्वांसमक्ष मानावेत, असे तिच्या आईला व मला दोघांनाही वाटले. घटस्फोटानंतर मुलाची शाळा सुरू होताना ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांविषयी आपल्या भागात कोणी उघडपणे बोलत नाही. आपण आम्हाला जी वाट दाखवली ती आणखी एखाद्या पालकाच्या किंवा शिक्षकाच्या उपयोगी पडावी, एवढ्यासाठी हे पत्र तिच्या आईच्या संमतीने प्रसिद्ध करीत आहे.

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला. मुलीने देवगड तालुक्यात आजोळी आईजवळ राहावे, शनिवारी-रविवारी माझ्याकडे मालवणला यावे, गणपतीचे दिवस आणि मे महिन्याची सुट्टी अमुक प्रकारे वाटून घ्यावी, हे सारे संमतीच्या अटींत नीट लिहिलेले होते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ मध्ये मुलांचा ताबा आणि पालनपोषण यांच्या जोडीने त्यांच्या शिक्षणाचाही उल्लेख आहे, परंतु आमच्या कागदात शिक्षणाचा फक्त खर्च आला होता. मृगाचा पाऊस लागल्यावर, ती तिसरीत जाण्याच्या सुमारास, आपण आम्हा दोघांना एकाच वेळी शाळेत बोलावून घेतले आणि न्यायालयाच्या आदेशातील भेटीगाठींचा भाग तेवढा वाचून, वकिलांनीही न काढलेले प्रश्न काढले. पालकसभेला कोण येणार, मधल्या सुट्टीत ताप भरला तर पहिला फोन कोणाला करायचा, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तिला कोण नेणार आणि पावसाने गाडी चुकली तर ती कोणाकडे थांबणार, सहलीच्या संमतीपत्रावर सही कोणाची. उत्तरे आपण एका कागदावर उतरवून घेतली, आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि प्रत्येकाला एक प्रत दिली. आमचे काय बिनसले हे आपण त्या दिवशी विचारले नाही, आणि पुढेही कधी विचारले नाही.

माझ्या मते आपली सर्वांत मोठी मदत सोमवारची आहे. आमच्याकडून परत गेल्यावर सोमवारी ती वर्गात गप्प बसते, डबा तसाच परत नेते, हे आपल्या लक्षात आले. ही गोष्ट आपण एकट्या तिच्या आईला सांगितली असती, तर मालवणच्या घरात काहीतरी घडते आहे असे तिला वाटले असते. केवळ मला सांगितली असती, तर तिला आजोळी करमत नाही असा अर्थ मी काढला असता. आपण एकाच दिवशी, एकाच शब्दांत दोघांना फोन केला आणि सांगितले की एका घरातून दुसऱ्या घरात रुळायला मुलाला थोडा वेळ लागतो, तो रविवारी रात्री मिळत नाही. तेव्हापासून मी तिला शेवटच्या गाडीऐवजी आचऱ्यामार्गे दुपारच्या गाडीने पोहोचवू लागलो, म्हणजे दिवेलागणीपूर्वी दप्तर भरून, आजीशी गप्पा मारून ती निवांत झोपते. हळूहळू सोमवार इतर दिवसांसारखा झाला. मुलाच्या गप्प बसण्याचा जाब दुसऱ्या घराला विचारण्याची घाई किती घरांत होत असेल, याचा विचार करताना मला आजही आपले ते दोन फोन आठवतात.

बाकीच्या गोष्टी लहान होत्या, पण रोजच्या होत्या. पुस्तकांचे ओझे दर आठवड्याला एसटीतून भिजत ये-जा करू नये म्हणून, बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके मोफत मिळतात हे आपण मला दाखवले आणि मालवणला दुसरा संच छापून ठेवता आला. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात आपण आम्हा दोघांचेही क्रमांक घेतले. प्रगतीपुस्तकावर सही तिच्या आईची असे, तरी ते पाहायला मलाही बोलावले. फी, गणवेश, सभा, कशाचाही निरोप आपण तिच्या तोंडी कधी दिला नाही. ‘बाबांना सांग’, ‘आईला विचार’ ही वाक्ये आपल्याकडून तिने ऐकलीच नाहीत, आणि ते पाहून आम्हीही घरी ती बोलणे बंद केले. दोन घरांमधल्या मुलाला निरोप्या करू नये, हे आम्हाला कोणी उपदेश करून पटले नसते. आपल्या वागण्यातून ते पटले, याबद्दल आम्ही आपले कायमचे ऋणी आहोत.

शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला पुढच्या आठवड्यात आम्ही दोघेही येत आहोत. हायस्कुलातील वर्गशिक्षकांना देण्यासाठी त्याच कागदाची नवी प्रत केली आहे. ती आपण एकदा नजरेखालून घालावी, अशी विनंती आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतील मुलींचा एसटीचा मोफत पास पाचवीपासून मिळतो; तो आजोळच्या थांब्यापासून काढावा, अर्ज तिच्या आईने करावा आणि पासाचा फोटो माझ्याकडेही असावा, एवढी एक नोंद त्यात नव्याने घातली आहे.

आपला कृतज्ञ,
आपल्या एका विद्यार्थिनीचा बाबा