हस्तलिखित दिवाळी अंकासाठी निधी, कागद आणि लिहिणारे हात हवे आहेत

सस्नेह नमस्कार.

भाद्रपद सरत आला की आमच्या मंडळाची वर्षातली खरी धावपळ सुरू होते. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, त्या दिवशी आमचे चित्रकार सभासद कोहळा फोडण्याच्या विधीपासून यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांपर्यंत जे दिसेल ते तिथेच बसून रेखाटतात. कोजागरीच्या रात्री काव्यवाचन होते आणि या दोन्हींतून निवडलेला मजकूर आमच्या हस्तलिखित दिवाळी अंकात जातो.

‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला, तेव्हापासून मराठीत छापील अंकांची मुळीच वाण नाही, मग एकाच प्रतीचा हा खटाटोप कशासाठी, असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. निवृत्त शिक्षकांचे वळणदार बोरूचे अक्षर आणि शेजारच्याच पानावर सातवीतल्या मुलीचे किंचित तिरके जाणारे अक्षर एकत्र पाहिले, की आम्हाला तरी वेगळे उत्तर द्यावेसे वाटत नाही.

यंदा मात्र नव्या अंकापेक्षा जुन्या अंकांची काळजी मोठी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरीतील एका सभासदांच्या घरात शिरले आणि तळमजल्यावरच्या कपाटातले आमचे अंक भिजले. एका अंकातील रंकाळ्याच्या संध्यामठाचे जलरंगचित्र समोरच्या पानावर असे उतरले आहे, की तिथली कविता आता निळ्या पाण्यातूनच वाचावी लागते. त्या वेळी टीपकागद घालून आम्ही पाने सुकवली, परंतु काही पाने एकमेकांना चिकटलेली आहेत आणि ती सोडवणे हौशी हातांचे काम नव्हे. नेहमीच्या बांधणीत वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. जुन्या कागदाला तो मानवत नाही. त्यामुळे साधी खळ, पातळ जपानी कागद आणि या कामातला जाणकार माणूस, या तिन्हींचा खर्च करावा लागणार आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, तेव्हा पाण्यातून वाचलेले आपले कागद उद्या असे गेले तर काय, हा प्रश्न बैठकीत पुन्हा पुन्हा निघाला. सर्व अंकांचे स्कॅनिंग करून घेण्याचा ठराव त्यातूनच झाला आहे.

या दुरुस्तीसाठी आणि स्कॅनिंगसाठी आपण यथाशक्ति आर्थिक साहाय्य करावे, ही विनंती. धनादेश मंडळाच्या नावे द्यावा आणि रोख रक्कम पावती घेतल्याशिवाय कोणाकडेही देऊ नये. जमाखर्च कोजागरीच्या कार्यक्रमात फलकावर लावला जाईल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी सुवाच्य अक्षरात चार पाने लिहून दिली तरी अंकाला तितकाच आधार होईल, कारण लिहिणारे हात दरवर्षी कमी होत आहेत.

चित्रांसाठी जाड हातकागदही हवा आहे. तो मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी ६ ते ८ या वेळेत स्वीकारला जाईल. कृपया कागद गुंडाळून किंवा घडी घालून आणू नये; घडीच्या रेषेत रंग साचतो आणि ते पान बाद करावे लागते.

आपले,
कार्यकारी मंडळ, कोल्हापूर