निगेटिव्ह म्हणजे चांगलंच, आई

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, माझी किडनी तुला चालेल का ते बघायला आपल्या दोघींच्या रक्ताची क्रॉसमॅच तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. घाबरू नको, इथं तेच हवं असतं. फॉर्मवर मी सही करून टाकली. न विचारता केली, हवं तेवढं रागवा, पण आता मागे घेणार नाही.

आप्पा, तुमची किडनी चालणार नाही म्हटल्यापासून तुम्ही पेपरही उघडत नाही, असं दादा सांगत होता. तुमच्यात काही कमी नाही हो. पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. दादाच्या वेळी त्याच्यातल्या तुमच्या खुणांविरुद्ध आईच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या. बाळंतपणात पुष्कळ बायकांना होतात. त्या अजून आहेत, म्हणून तुमचं आणि दादाचं जमलं नाही. मला तुमच्याकडून दुसरा संच मिळाला, एवढंच. दादाला मात्र यावरून कुणी काही बोलायचं नाही, तो आधीच कोमेजलाय.

माझी दोन्ही मुलं मोठी झालीत, शुगर-बीपी नाही, इकडच्या घरी सगळे राजी आहेत. सगळ्या तपासण्या झाल्यात. आणि आई, आठवड्यातून तीनदा येळ्ळूरहून बेळगावला डायलिसिस करून आलीस की उंबऱ्यातच बसून राहतेस, ते दिवाळीत मी पाहिलंय. लावणीच्या पावसात मी तुझ्या इरल्यात शिरून पोटाला बिलगायचे. तू तशीच वाकून रोप लावत राहायचीस, कधी दूर सारलं नाहीस.

खालच्या खोलीत कमोड बसवून घेतलाय. भात तुला लागतो तसाच मऊ करीन.

आता नीट ऐका. १९५४ साली बोस्टनला बसवलेली किडनी टिकली, ती एकसारख्या जुळ्या भावांची होती. आपलं निम्मंच जुळतं, म्हणून गोळ्या जन्मभर. अंगानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाची गोळी, बारा-बारा तासांनी. आप्पा, गजर तुम्ही लावायचा. शेजारच्या पेशंटचा डोस विचारत बसू नका. काहींच्या अंगात जन्मतःच ते औषध लवकर जिरतं, त्यांना जास्त लागतं. गणपतीला पपनस आणायचं नाही, रक्तातलं औषध भलतंच वाढतं. आणि आई, ऑपरेशनपर्यंत रताळं बंद. अर्धंसुद्धा नाही.

शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मानं निघते. आप्पा, स्टेशनवर येऊ नका, आईजवळ थांबा.

तुमची,
बाळी