त्या फोन करणाऱ्या ताईंना आणि बाकी सगळ्यांना

कापूस बुडाला त्या साली माझ्या भाऊजींनी ठेकेदाराची उचल घेतली. ती फिटेना, म्हणून माझा 12 वर्षांचा भाचा दिवाळीपासून वीटभट्टीवर कच्च्या विटा पलटवत होता. मे महिन्यात दुसऱ्या भट्टीवर नेताना वर्धा स्टेशनवर कुण्या ताईंनी लेकरांचे तळवे पाहिले आणि 1098 ला, म्हणजे लेकरांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. ताई, तुमचं नाव आम्हाला कळलं नाही. तुमच्या त्या एका फोनाने आमचं लेकरू परत आलं.

रेल्वे पोलिसातल्या बाईंनी आधी चहा-बिस्किट दिलं, मग नाव विचारलं. हे पोरगं अजून सांगते.

बालगृहात तो उशीखाली पोळी लपवायचा. तिथल्या मावशी रागावल्या नाहीत. रोज रात्री त्याच्या खाटेजवळ पोळीचा डबा ठेवत राहिल्या. महिनाभराने डबा सकाळी भरलेलाच सापडू लागला. मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?

तहसीलातल्या एका बाबूंनी भाऊजींना समजावलं, की 1976 च्या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज उरतच नाही. वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, म्हणजे मुक्ती प्रमाणपत्र, त्याचा अर्जही त्यांनीच लिहून दिला. त्या कागदानंतरच भाऊजी रात्री झोपायला लागले. गुरुजींनी दाखल्यासाठी अडवलं नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवलं.

तुमच्यापैकी कुणी हे वाचत असाल तर हुरड्याच्या दिवसांत घरी या. भाचा तुम्हाला स्वतः वाचून दाखवणार आहे, आता त्याला जोडाक्षरं येतात.