ग्दान्स्कहून (पोलंड), विन्याला

प्रिय विन्या,

पोचलो रे एकदाचा. विमानतळावर उतरलो तर बोर्डावर नाव कुणाचं, लेख वावेन्सा! शाळेत आपण वालेसा वालेसा करायचो ना, तोच, इथल्या शिपयार्डच्या संपाचा पुढारी. माणूस अजून हयात आहे आणि ह्यांनी विमानतळाला नाव देऊन टाकलंय, तेही एका इलेक्ट्रिशियनचं.

काल सुट्टी होती म्हणून शिपयार्डच्या दोन नंबर गेटवर गेलो. समोर 42 मीटर उंच तीन क्रूस, 1970 मध्ये गोळीबारात मेलेल्या कामगारांसाठी. शेजारी म्युझियम, बाहेरून गंजलेल्या जहाजासारखं. आत 1980 च्या संपातल्या 21 मागण्यांच्या लाकडी फळ्या आहेत, हाताने लिहिलेल्या.

पण मला खरी गंमत वाटली ती त्या संपाच्या तिसऱ्या दिवसाची. 14 ऑगस्ट 1980 ला संप सुरू झाला तो आन्ना वालेंतिनोविच ह्या क्रेनवालीला रिटायरमेंटला पाच महिने असताना काढून टाकलं म्हणून. 16 तारखेला मॅनेजमेंटने तिला परत घेतलं, पगारवाढ मान्य केली आणि आपल्या ह्या वावेन्साने चक्क संप संपला म्हणून जाहीर करून टाकलं! लोक घरी निघाले पण. तेव्हा बाकीच्या छोट्या कारखान्यांचे लोक भडकले, आमचं काय, तुम्ही गेलात की आम्हाला चिरडतील. आन्ना, आलिना नावाची नर्स आणि हेन्रिका नावाची ट्राम ड्रायव्हर, ह्या बायका पुढे झाल्या, गेटवर जाऊन लोकांना अडवलं, आणि वावेन्साने तिथल्या तिथे शब्द फिरवला. मला तर त्याचं हेच आवडलं बघ, पुढाऱ्याला आपलं बोलणं गिळता येणं सोपं नसतं. 31 तारखेला सरकारने मागण्यांच्या करारावर सही केली, ह्याने केली पोपचा फोटो असलेल्या भल्यामोठ्या पेनाने (नाटकी होताच जरा).

मग सॉलिडॅरिटीचे, म्हणजे ह्या संपातून उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेचे, एक कोटीच्या आसपास मेंबर, डिसेंबर 81 मध्ये लष्करी कायदा, ह्याला अकरा महिने अटकेत. 83 ला नोबेल मिळालं तर बाहेर गेलो तर परत घेणार नाहीत ह्या भीतीने बायकोला, दानुताला, ऑस्लोला पाठवलं. आणि 4 जून 1989 ला निवडणूक, दोन्ही फेऱ्या मिळून जिथे लढता येत होतं त्या खालच्या सभागृहातल्या सगळ्या 161 जागा सॉलिडॅरिटीच्या, सिनेटमध्ये 100 पैकी 99. कम्युनिस्टांची सत्ता तिथेच गेली, बर्लिनची भिंत पडायच्या आधी!

नंतर राष्ट्राध्यक्ष झाला, 95 ला हरला, तोही एका जुन्या कम्युनिस्टाकडून, आणि 2000 मध्ये मतं फक्त एक टक्का. शिपयार्डचंही 1996 मध्ये दिवाळं वाजलं. वर तरुणपणी गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता असेही आरोप, तो नाही म्हणतो.

आपल्या गिरण्यांचा संप सुरू झाला 18 जानेवारी 82 ला, म्हणजे इथे लष्करी कायदा लागून जेमतेम महिना. तुझे बाबा होते ना त्या संपात? त्यांना विचार जरा, तेव्हा गेटवर बायका यायच्या का आणि काय बोलायच्या. मला नीट लिहून कळव, फोनवर नको, फोनवर तू निम्मं गाळतोस.

तुझाच,
सुन्या